वाळूतला पाया : आग्र्याच्या विहिरींपासून पद्मेच्या पुलापर्यंत

ताजमहालाचा वाद आपल्याकडे अधूनमधून उकरून काढला जातो. तो कोणी बांधला, त्याआधी त्या जागी काय होते, बांधणाऱ्या कारागिरांचे पुढे काय झाले, यावर वृत्तवाहिन्यांवर तासनतास घसे कोरडे केले जातात. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंची नजर मात्र घुमटावरच खिळलेली असते. घुमटाखाली चबुतरा आहे, चबुतऱ्याखाली पाया आहे आणि पायाखाली यमुनेने आणून टाकलेला गाळ आणि वाळू आहे, हे कोणी बोलत नाही. एवढी जड संगमरवरी इमारत नदीच्या अगदी काठावर, मऊ जमिनीवर पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ उभी कशी राहिली, हा प्रश्न मला त्या सगळ्या वादापेक्षा मोलाचा वाटतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आग्र्यातून रुरकीला, तिथून बंगालच्या महाकाय नद्यांपर्यंत जावे लागते. आणि शेवटी एक साधी गोष्ट हाती लागते: वाळूत पाया किती खोल गेला याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच तो कसा आत गेला यालाही आहे.

आपण दख्खनची माणसे. आपली पायाची कल्पना कातळाशी जोडलेली आहे. घर बांधायचे तर माती उपसायची, मुरूम लागला की हायसे वाटायचे आणि कातळ लागला की पाया झालाच म्हणायचे. आपले किल्ले कातळावर आहेत, आपली लेणी कातळात आहेत. 'वाळूचे मनोरे' हा शब्द आपण फोल गोष्टींसाठी वापरतो. पण गंगा-यमुनेच्या मैदानात माणसाने कितीही खणले तरी कातळ लागत नाही. हिमालयातून हजारो वर्षे वाहून आलेला गाळ आणि वाळू तिथे शेकडो मीटर जाडीने साचलेली आहे. त्या मुलखात पाया घालायचा तर वाळूशीच बोलणी करावी लागतात, दुसरा मार्गच नाही.

आता या वाळूचा स्वभाव पाहू. वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. चिकणमातीत जो चिकटपणा असतो तो वाळूत नाही. वाळूची ताकद कणांच्या एकमेकांवर घासण्यात आणि एकमेकांत अडकून बसण्यात असते. म्हणून ते कण किती दाटीने बसले आहेत आणि त्यांच्यावर बाजूने किती दाब आहे, यावर सगळे ठरते. जुन्या काळी धान्य मापाने मोजून दिले जायचे, तेव्हाची गोष्ट आठवा. माप नुसते भरले तर एक हिशेब, तेच हलवून, ठोकून भरले तर दुसरा. दाणे तेच, माप तेच, पण ठोकल्यावर आत जास्त दाणे मावतात आणि बोट खुपसू म्हटले तर सहज जात नाही. वाळूचेही तसेच आहे. तिला ठोकले, दाबले की ती घट्ट होते. तिच्यात भोक पाडले, तिच्यातून पाणी खेळवले की ती सैल होते. म्हणजे पाया घालण्याची क्रियाच त्या पायाखालची आणि भोवतालची जमीन बदलून टाकते. कातळाच्या बाबतीत हे फारसे होत नाही. वाळूत मात्र आपण जमिनीची जी ताकद मोजून घेतलेली असते, ती पाया आत जाईपर्यंत वेगळीच झालेली असते.

ही गोष्ट शाहजहानच्या काळातल्या मिस्त्रींना आजच्या शब्दांत सांगता आली नसती, पण ती त्यांच्या हाताला ठाऊक होती. मुमताज महलचे निधन १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपूरला झाले, म्हणजे जुन्या खानदेशच्या राजधानीत, आपल्या वेशीवरच. तापीच्या पलीकडे झैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे पार्थिव आग्र्याला नेण्यात आले. १६३२ मध्ये कबरीचे काम सुरू झाले. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'पादशाहनामा'त पायाच्या कामाची नोंद केली आहे. मजुरांनी पाणी लागेपर्यंत खणले आणि गवंड्यांनी दगड-चुन्याने पाया भरून वर आणला, असा तिचा आशय आहे. नदीच्या बाजूला, जिथे जमीन सर्वांत कमजोर आणि पुराचा धोका सर्वांत जास्त, तिथे विहिरी उतरवून त्या दगड-चुन्याने भरल्या गेल्या आणि त्यांच्यावर चबुतऱ्याचा भार दिला गेला.

'विहिरी उतरवून' हा शब्दप्रयोग जाणीवपूर्वक केला आहे. आपल्याकडे विहीर खणतात आणि मग बांधतात. मुरूम आणि कातळ आपल्या जागी उभे राहतात, म्हणून ते जमते. वाळूत आधी खणायला गेले तर खड्ड्याच्या बाजू ढासळतात. म्हणून उत्तरेकडच्या मैदानात उलटी रीत होती. जमिनीवर एक भक्कम लाकडी कडे ठेवायचे, त्यावर विटांची गोल भिंत रचायची आणि मग आतली वाळू उपसत जायची. खालचा आधार जसा निघेल तशी ती अख्खी भिंत स्वतःच्या वजनाने खाली सरकते. वर पुन्हा विटा रचायच्या, पुन्हा आतून उपसायचे. विहीर आधी वर बांधली जाते आणि नंतर जमिनीत बुडते.

या कामात खरे कसब पाणी लागल्यावर दिसते. सोपा उपाय म्हणजे आतले पाणी उपसून कोरड्यात काम करणे. पण वाळूत हा उपाय घातक ठरतो. आतली पातळी खाली गेली की बाहेरचे पाणी विहिरीच्या तळाखालून आत शिरते आणि शिरताना वाळू उकळल्यासारखी घेऊन येते. आतून जेवढी वाळू काढावी तेवढी पुन्हा भरते, बाहेरची जमीन खचते, विहीर एका बाजूला कलते. आणि ज्या वाळूवर शेवटी विहीर टेकायची, तीच भुसभुशीत होऊन बसते. म्हणून जाणते कारागीर पाणी तसेच ठेवत. पाणबुडे बुडी मारून तळाची वाळू 'झाम' नावाच्या मोठ्या फावड्यासारख्या अवजारात भरत आणि वरून दोराने ती ओढून घेतली जाई. वेळ जास्त लागायचा, जीवही धोक्यात असायचा, पण तळाची वाळू फार ढवळली जात नसे. त्या पाणबुड्यांची नावे कुठल्याही तवारिखेत नाहीत.

इथे एका लोककथेविषयी बोलायला हवे. ताज पूर्ण झाल्यावर शाहजहानने कारागिरांचे हात तोडले, असे आपल्या शाळांतूनही सांगितले जाते. समकालीन साधनांत याला कसलाही आधार नाही. उलट, ज्याचे नाव ताजच्या रचनेशी जोडले जाते तो उस्ताद अहमद लाहोरी पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावर होता, आणि त्या किल्ल्याची पायाभरणी १६३९ ची आहे. ही कथा केवळ एका बादशहाची बदनामी करते म्हणून मी तिच्याविषयी लिहीत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हात तोडले असे एकदा म्हटले की ती विद्याही तिथेच संपली असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती संपली नाही. ती पुढे कुठे गेली, हे कागदोपत्री दाखवता येते.

१८३७-३८ च्या भीषण दुष्काळानंतर दोआबात गंगेचा कालवा काढायचे ठरले. प्रोबी कॉटली या इंग्रज अधिकाऱ्याने ते काम हाती घेतले. रुरकीजवळ कालव्याला सोलानी नदी आडवी येत होती. कालवा नदीवरून न्यायचा, म्हणजे पाण्याचाच पूल बांधायचा, आणि खाली सगळी वाळू. पन्नास-पन्नास फुटांच्या पंधरा कमानींच्या या पुलाचे खांब २० फूट लांबी-रुंदी-उंचीच्या बांधीव ठोकळ्यांवर उभे केले गेले. प्रत्येक ठोकळ्यात चार विहिरी ठेवल्या होत्या आणि त्यांतून वाळू उपसत तो नदीच्या तळात उतरवला गेला. हिंदुस्थानी लोक आपल्या विहिरी ज्या रीतीने उतरवतात तीच रीत इथे वापरली, हे त्या काळच्या इंग्रजी वर्णनांत स्पष्ट नोंदलेले आहे. १८५४ च्या एप्रिलमध्ये कालव्यात पाणी सोडले गेले. त्याच रुरकीत १८४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले होते. आज ते आयआयटी रुरकी म्हणून ओळखले जाते. मोहल्ल्यातल्या विहीरवाल्याची रीत अशा प्रकारे अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकात गेली. पुस्तकात रीत राहिली, विहीरवाला मात्र राहिला नाही.

रेल्वे आली तेव्हा ह्याच रीतीवर उत्तर हिंदुस्थानातील मोठमोठे पूल उभे राहिले. त्यातला शिखर म्हणावा असा पूल म्हणजे पाकशी येथे पद्मेवर बांधलेला हार्डिंग पूल. आज तो बांगलादेशात आहे. रॉबर्ट गेल्स हे त्याचे मुख्य अभियंता आणि १९१५ च्या मार्चमध्ये तो सुरू झाला. त्याच्या विहिरी नदीच्या सर्वांत कमी पाणपातळीपासून सुमारे १६० फूट खाली उतरवल्या होत्या. त्या काळी जगात या प्रकारचा इतका खोल पाया दुसरा नव्हता. एवढे खोल जाण्याचे कारण वजन नव्हते, पूर होता. बंगालच्या नद्या पुरात आपलाच तळ खरवडून नेतात. उन्हाळ्यात जिथे वाळूचा घट्ट तळ दिसतो, तिथे भादव्यात कित्येक मीटर नुसते पाणी असते. तेवढी वाळू वाहून गेल्यावरही जो पाया वाळूत राहील, तोच खरा पाया.

विहिरींच्या पायाचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्यांच्या घालण्याच्या रीतीत आहेत. विहीर उतरताना भोवतालची वाळू सतत आत आणि खाली सरकत असते. त्यामुळे भिंतीच्या बाहेरच्या बाजूची वाळू सैल होते आणि तिची पकड कमी होते. उतरवणाऱ्याला तेच हवे असते, कारण पकड घट्ट असेल तर विहीर अडकते आणि मग तिच्या डोक्यावर रूळ आणि दगड रचून तिला खाली दाबावे लागते. पण जी पकड उतरताना अडचण असते, तीच नंतर आधार म्हणून हवीशी वाटते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. म्हणून विहिरीचा हिशेब मुख्यतः तिच्या रुंद तळावर आणि प्रचंड वजनावर केला जातो.

ज्या काळात हे पूल बांधले जात होते, त्या काळात वाळू आणि मातीचे शास्त्र असे काही नव्हते. अनुभव होता, ठोकताळे होते. ते शास्त्र जिथे आकाराला आले त्या शहराचे नाव वाचून आपल्या वाचकांना नवल वाटेल. ते शहर इस्तंबूल. कार्ल तेरझागी हा ऑस्ट्रियन अभियंता १९१६ मध्ये तिथल्या उस्मानी अभियांत्रिकी शाळेत शिकवायला गेला. पहिले महायुद्ध संपल्यावर तो बॉस्फरसच्या काठावरील रॉबर्ट कॉलेजात रुजू झाला. पैसा नव्हता, उपकरणे नव्हती. सिगारच्या पेट्या आणि स्वयंपाकघरातली भांडीकुंडी यांतून त्याने प्रयोगाची साधने बनवली आणि वाळू-माती दाबून पाहिली. त्यातून १९२५ मध्ये त्याचा जो ग्रंथ निघाला, त्यापासून मृदायांत्रिकी या आधुनिक शास्त्राची सुरुवात मानतात. मातीवरच्या भारातला काही भाग कण उचलतात आणि काही भाग त्यांच्यातले पाणी उचलते, आणि ताकद फक्त कणांनी उचललेल्या भारातून येते, हा त्याचा सिद्धांत. विहिरीत वाळू का उकळते, याचे उत्तर त्यात आहे. खालून वर येणारे पाणी कणांना उचलून धरते, कणाकणातला दाब नाहीसा होतो आणि वाळू वाळूसारखी वागेनाशी होते. आग्र्याचा पाणबुडा पाणी उपसू नका म्हणत होता, ते का, हे यातून समजते.

विसाव्या शतकात विहिरींबरोबर पाइलचा वापर वाढला. पाइल म्हणजे जमिनीत खोल घातलेला लाकडाचा, काँक्रीटचा किंवा पोलादाचा सडपातळ खांब. भार दोन मार्गांनी जमिनीत जातो: खांबाच्या अंगाला लागलेल्या वाळूच्या घर्षणातून आणि खालच्या टोकातून. पाइल घालण्याच्या मुख्य रीती दोन. एक, वरून हातोड्याने ठोकून घालायची. दुसरी, यंत्राने भोक पाडायचे, त्यात सळयांचा पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट ओतायचे. पूर्ण झालेल्या दोन पाइल शेजारी ठेवल्या, जाडी तीच, लांबी तीच, वाळूही तीच, तरी त्या सारखा भार घेत नाहीत.

ठोकलेली पाइल आपल्या जागेची वाळू बाजूला ढकलते. ढकललेली वाळू जाणार कुठे? ती भोवतालच्या वाळूत दाटीने बसते आणि पाइलला बाजूने आवळते. टोकाखालची वाळूही प्रत्येक घावाने दबत जाते. म्हणून पुढे इमारतीचा भार आला की टोक लगेच आधार देते, फारसे खचत नाही. भोक पाडून केलेल्या पाइलमध्ये याच्या उलट होते. वाळू बाहेर काढली की भोकाच्या भिंती आत यायला पाहतात आणि वाळू सैलावते. भिंती ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइट मातीचे पातळ मिश्रण भरतात. त्याचा थर भिंतीवर बसतो आणि तो नीट निघाला नाही तर घर्षण घटते. तळाशी ढवळलेली वाळू आणि गाळ साचतो. तो साफ न करता काँक्रीट ओतले तर पाइल जणू गादीवर उभी राहते. टोकाचा आधार मिळेपर्यंत तिला ठोकलेल्या पाइलपेक्षा कितीतरी जास्त खचावे लागते, आणि तोवर वरच्या भिंतींना तडे गेलेले असतात. पाण्याच्या फवाऱ्याने वाळू सैल करून पाइल घालण्याचीही एक रीत आहे. काम झटपट होते, पण त्या वाळूची पकड पुन्हा पहिल्यासारखी होईलच असे नाही. आपल्या भारतीय मानकात ठोकून घालण्याच्या आणि भोक पाडून करण्याच्या पाइलसाठी वेगवेगळे विभाग आहेत, ते याचमुळे.

पाइलिंगच्या कामावर आयुष्य घालवलेले माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत. त्यांना मी एकदा विचारले, या कामात अवघड काय? ते म्हणाले, "बेटा, भोक तर मशीन पाडते. ते साफ ठेवून वेळेत भरणं, हीच खरी कारागिरी. सायबाला भोकाची खोली दिसते, तळातला गाळ दिसत नाही." वर सांगितलेले सगळे शास्त्र त्यांच्या या दोन वाक्यांत आहे.

ठोकण्यातही सारे फायदेच आहेत असे नाही. हादऱ्यांनी शेजारची घरे खचू शकतात. शिवाय संशोधकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. पाइल खोल जाताना एखाद्या पातळीवरच्या वाळूला तिचे अंग शेकडो, हजारो वेळा घासून जाते, आणि प्रत्येक घासण्यागणिक त्या पातळीची पकड थोडी थोडी कमी होत जाते. म्हणून लांब पाइलच्या वरच्या भागाला अपेक्षेपेक्षा कमी घर्षण मिळते. याच्या जोडीला दुसरी गोष्ट अशी की ठोकल्यानंतर पाइल काही आठवडे, काही महिने तशीच राहू दिली तर वाळूतसुद्धा तिची ताकद वाढत जाते. ठोकल्या दिवशीचे माप आणि महिन्यानंतरचे माप एक नसते.

हे सगळे शहाणपण पणाला लागले ते पुन्हा बंगालमध्येच. बांगलादेशातली जमुना ही आग्र्याच्या यमुनेहून वेगळी नदी आहे. ती ब्रह्मपुत्रेचा खालचा प्रवाह. तिने देशाचे दोन भाग केले होते आणि पार व्हायला फेरीबोटीशिवाय मार्ग नव्हता. १९९८ च्या जूनमध्ये तिच्यावर ४.८ किलोमीटरचा पूल सुरू झाला. इथे विहिरी नाहीत. अडीच मीटर आणि ३.१५ मीटर व्यासाच्या १२१ पोलादी नळ्या, थोड्या तिरप्या, प्रचंड हायड्रॉलिक हातोड्यांनी नदीच्या तळात ठोकल्या गेल्या. आतली वाळू हवेच्या दाबाने उपसून काढली, नळ्या काँक्रीटने भरल्या आणि मग टोकाखाली दाबाने सिमेंटचे मिश्रण सोडले. हे शेवटचे काम महत्त्वाचे आहे. नळी साफ करताना टोकाखालची वाळू सैल होते. सिमेंटच्या दाबाने ती पुन्हा घट्ट केली जाते. म्हणजे घालण्याच्या रीतीने जे बिघडवले, ते त्याच कामात दुरुस्त केले जाते.

बंगालच्या वाळूची आणखी एक खोड आहे. तिच्यात हिमालयातून आलेले अभ्रक आहे. अभ्रकाचे कण गोल नसतात, चपटे आणि पातळ असतात, पापुद्र्यांसारखे. ते वाकतात, घसरतात. म्हणून अशा वाळूत टोकाचा आधार आणि अंगाचे घर्षण, दोन्ही नेहमीच्या वाळूपेक्षा कमी धरावी लागतात. परदेशातल्या शुभ्र गारेच्या वाळूवरून काढलेले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

मग आला पद्मा पूल. मुख्य पूल ६.१५ किलोमीटर, १५० मीटरचे ४१ गाळे, ४२ खांब, वर मोटारी आणि खाली रेल्वे. नदीत तीन मीटर व्यासाच्या पोलादी पाइल सुमारे १२० मीटरपर्यंत खोल गेल्या. चाळीसमजली इमारत जमिनीखाली उभी करण्यासारखेच हे. प्रत्येक खांबाखाली सहा तिरप्या पाइल घालायचे ठरले होते. पण काम चालू असताना २२ खांबांच्या जागी, जिथे पाइलची टोके टेकायची त्या खोलीवर, चिकणमातीचे थर असल्याचे कळले. टोक वाळूत टेकेल हा हिशेबच तिथे कोलमडला. काम रेंगाळले, वर्तमानपत्रांत टीका झाली, अफवाही उठल्या. शेवटी तोडगा निघाला तो घालण्याच्या रीतीतूनच. त्या २२ खांबांखाली मधोमध सातवी पाइल वाढवली आणि पाइलच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या बारीक नळ्यांतून अगदी बारीक सिमेंटचे मिश्रण पोलाद आणि वाळू यांच्या मध्ये दाबाने सोडले. ठोकताना गुळगुळीत पोलादाला घासून वाळूची जी पकड गेली होती, ती अशी परत मिळवली. चाळीस खांबांखाली मिळून २६२ पोलादी पाइल झाल्या. दोन्ही टोकांच्या, काठावरच्या खांबांना मात्र भोक पाडून केलेल्या पाइल आहेत. एकाच पुलात दोन्ही रीती, जागेप्रमाणे.

२५ जून २०२२ रोजी पुलाचे उद्घाटन झाले. या पुलाच्या तज्ज्ञ मंडळाचे प्रमुख जमीलुर रझा चौधरी ते पाहायला नव्हते. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठात पिढ्या घडवणारे हे अध्यापक एप्रिल २०२० मध्ये वारले. उद्घाटनाच्या दिवशी बॅनरवर राजकारण्यांचे चेहरे होते, जसे ताजवर बादशहाचे नाव आहे.

आपल्या समाजात इतिहासाचा अभिमान पुष्कळ आहे. 'हमने ताज बनाया' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आपण म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. बांधले ते पाणबुड्यांनी, गवंड्यांनी, चुना मळणाऱ्यांनी. त्यांत मुसलमान होते, हिंदू होते. त्यांची विद्या रुरकीला गेली तेव्हा तिचा धर्म कोणी विचारला नाही, आणि पद्मेवर जर्मन हातोडे आणि चिनी कंत्राटदार आले तेव्हाही नाही. विद्येवर मालकी ती शिकणाऱ्याची. ताजचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वस्त्यांतून अभियांत्रिकीला, विशेषतः पायाच्या, मातीच्या शास्त्राला किती मुले-मुली जातात, हे आपणच मोजावे. मिरवायला हा विषय सोयीचा नाही, कारण यातले सगळे काम जमिनीखाली जाते.

आणि ज्यांना अभियंता व्हायचे नाही त्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. आज किनारपट्टीला, खाड्यांच्या आणि नद्यांच्या काठी जुन्या इमारती पाडून टोलेजंग नव्या उभ्या राहत आहेत. रहिवाशांच्या सभेत चर्चा होते ती फरशीची, लिफ्टची, गाडी लावायच्या जागेची. पायाचा विषय निघालाच तर एकच प्रश्न येतो: किती खोल? माझी विनंती आहे की आणखी तीन प्रश्न विचारा. पाइल ठोकून घालणार की भोक पाडून? भोक पाडणार असाल तर काँक्रीटआधी तळ साफ झाल्याची तपासणी कोण करणार आणि नोंद कुठे ठेवणार? तयार पाइलवर प्रत्यक्ष भार टाकून चाचणी किती पाइलची होणार, आणि त्या पाइल निवडणार कोण? उत्तर देणारा चिडला तरी उत्तर लेखी घ्या. एकदा वर मजले चढले की खालचा गाळ पाहायला कोणालाच जाता येत नाही.